सागरी सहल आणि संसाराचे अंदाजपत्रक

सुट्टीत कोठे जायचे, हा प्रश्न मध्यमवर्गीय घरात पूर्वी फारसा पडत नसे. आजोळ ठरलेले असे. आजोळ नसेल तर देवदर्शन. आता तो प्रश्न पडतो, आणि गेल्या काही वर्षांत त्याला एक नवे उत्तर मिळू लागले आहे. ते म्हणजे जहाजावरची सहल. सप्टेंबर २०२१ पासून मुंबई बंदरातून एका देशी कंपनीचे प्रवासी जहाज गोवा व लक्षद्वीपच्या फेऱ्या करू लागले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले आणि २०२९ पर्यंत अशा प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. २० सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‍घाटन झाले. सिंगापूरहून निघणाऱ्या मोठमोठ्या जहाजांच्या जाहिरातीही आता शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीतील डब्याच्या सुट्टीत चर्चिल्या जातात. जी गोष्ट काल श्रीमंतांची होती, ती आज हप्त्यावर मिळते, असे त्या जाहिराती सांगतात.

या हौसेला नाक मुरडण्याचे काही कारण नाही. तीन दिवस स्वयंपाकघराचे तोंड पाहावे लागू नये, सामानाची बांधाबांध एकदाच व्हावी, मुलांना समुद्र दिसावा आणि मुक्काम, भोजन व करमणूक एका छपराखाली मिळावी, ही इच्छा चुकीची कशी म्हणता येईल? लहान मुलांना घेऊन गाड्या बदलत हिंडण्यापेक्षा जहाज सोयीचे, हेही मान्य करावे लागेल. प्रश्न हौसेचा नसून हिशेबाचा आहे. जाहिरातीत छापलेला आकडा हीच सहलीची किंमत, असे समजून जो पगारदार आपले अंदाजपत्रक आखतो, त्याचे अंदाजपत्रक बंदर सोडण्यापूर्वीच बुडालेले असते. आणि घरचे अंदाजपत्रक बुडाले म्हणजे सरकारप्रमाणे तुटीच्या अर्थव्यवहाराने वेळ मारून नेता येत नाही. ती तूट जूनमधल्या शाळेच्या शुल्कातून, विम्याच्या हप्त्यातून किंवा कर्जातून भरून काढावी लागते.

तिकिटाचे अर्थशास्त्र

आपल्या किनाऱ्याला प्रवासी जहाजे नवीन नाहीत. भाऊच्या धक्क्यावरून रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले, पणजीकडे जाणाऱ्या बोटींनी चाकरमान्यांच्या कित्येक पिढ्यांची ने-आण केली. त्या बोटीचे तिकीट म्हणजे निव्वळ वाहतुकीचे भाडे होते. डेकवर आपली वळकटी पसरायची, आपली शिदोरी सोडायची आणि आपले बंदर आले की पडावात उतरायचे. तिकीट काढले की खर्च संपला. आजचे सहलीचे जहाज त्याच समुद्रावरून जात असले, तरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती अगदी वेगळी वस्तू आहे. येथे तिकीट काढले की खर्च सुरू होतो.

हा काही कुणाचा लबाड कावा नव्हे. ती किंमत आकारण्याची एक प्रसिद्ध रीत आहे. वॉल्टर ओई या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७१ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये डिस्नेलँडचे उदाहरण घेऊन तिचे विवेचन केले. करमणुकीच्या बागेच्या मालकाने प्रवेशाचे तिकीट महाग ठेवून आतले पाळणे स्वस्त ठेवावेत, की प्रवेश स्वस्त ठेवून प्रत्येक पाळण्यावर नफा घ्यावा, हा त्याचा प्रश्न होता. सगळे ग्राहक सारखेच असतील, तर पहिली रीत मालकाच्या फायद्याची. परंतु ग्राहक भिन्न प्रवृत्तीचे असतील, म्हणजे कोणी हात आखडणारे आणि कोणी सैल सोडणारे असतील, तर प्रवेश तुलनेने स्वस्त ठेवून आतल्या वस्तूंवर नफा घेणे मालकाला अधिक लाभदायक ठरू शकते. जहाजाचा धंदा या दुसऱ्या रीतीकडे झुकलेला आहे. कार्निव्हल ही जगातील सर्वांत मोठी क्रूझ कंपनी. २०२३ साली तिला मिळालेल्या सुमारे २१.६ अब्ज डॉलरांच्या उत्पन्नापैकी तिकिटांतून आले सुमारे १४.१ अब्ज. उरलेले साडेसात अब्ज जहाजावरील विक्री व तत्सम इतर बाबींतून आले. याचा अर्थ असा की, प्रत्येक तीन रुपयांमागे एक रुपयाहून अधिक रक्कम तिकिटाच्या खिडकीबाहेर जमा होते.

शिवाय जहाजावरची बाजारपेठ बंदिस्त असते. गावातल्या हॉटेलात चहा महाग वाटला तर ग्राहक उठून समोरच्या टपरीवर जातो, आणि समोरच्या टपरीच्या भीतीनेच हॉटेलवाल्याचा भाव ताळ्यावर राहतो. भर समुद्रात समोरची टपरी नसते. त्यातच जहाजावर रोख पैसा चालत नाही. खोलीच्या किल्लीचे जे कार्ड असते त्यावरच सर्व खर्च नोंदला जातो आणि अखेरच्या सकाळी एकत्रित बिल हाती येते. नोट मोडताना जी एक बारीक टोचणी मनाला लागते, ती कार्ड पुढे करताना लागत नाही. परदेशी जहाजावर हे बिल डॉलरांत येते आणि आपले बँक कार्ड त्यावर परकीय चलनाचे शुल्क वेगळे लावते.

मात्र याच रचनेत सावध माणसाचा फायदाही दडलेला आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. तिकीट जर आतल्या विक्रीच्या भरवशावर स्वस्त ठेवलेले असेल, तर जो हात आखडून राहतो त्याच्या तिकिटाचा काही भार हात सैल सोडणारे उचलतात. तेव्हा बेत पक्का करून जहाजावर चढणाऱ्या कारकुनाला ही सहल खरोखरच किफायतशीर पडू शकते. बेत न करता चढणाऱ्याच्या वाट्याला मात्र चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला येतो.

‘माणशी’ या शब्दाचा घोटाळा

जाहिरातीतील दर बहुधा ‘माणशी’ असतो आणि तो एका खोलीत दोन प्रौढ राहतील असे धरून काढलेला असतो. कुटुंब हे काही माणशी या एककाचे पट नव्हे. तिसऱ्या व चौथ्या बिछान्याचा दर कमी असतो. कधी मुले मोफत अशीही घोषणा असते. परंतु मोफत असते ते मूळ भाडे. बंदर शुल्क, कर आणि सेवकवर्गासाठी रोज घेतली जाणारी बक्षिशीची ठरीव रक्कम ही मुलांनाही लागू होऊ शकते. अमेरिकी कंपन्यांत ही बक्षिशी साधारणपणे माणशी रोज सोळा ते वीस डॉलर पडते, आणि काही कंपन्या अगदी तान्ह्या मुलांना तेवढे वगळतात. उलट, आई किंवा वडील यांपैकी एकटेच मुलाला घेऊन जात असतील, तर ते मूल दुसरा प्रौढ प्रवासी समजून पूर्ण दराने धरले जाण्याचा संभव असतो. म्हणून चौकशी करताना ‘दर काय?’ असे न विचारता, मुलांची वये सांगून, ‘आमच्या चौघांचे सर्व शुल्कांसह एकूण किती?’ असे विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

खोली लवकर ठरवण्यालाही कारण आहे. चौघांना पुरेल अशा खोल्या जहाजावर मोजक्याच असतात. त्याशिवाय जहाजावर किती माणसे घ्यायची याची मर्यादा जीवरक्षक नौकांच्या क्षमतेशी बांधलेली असते, आणि त्या मोजणीत तान्हे मूलही एक माणूस म्हणून धरले जाते. त्यामुळे शेवटच्या आठवड्यात दर उतरतील ही आशा दोघांच्या कुटुंबाने धरावी. चौघांच्या कुटुंबाने धरू नये.

हिशेबाचा एक नमुना

मुंबईहून निघणाऱ्या तीन रात्रींच्या सहलीचा एक नमुना मांडून पाहू. पुढील आकडे कोणत्याही कंपनीच्या दरपत्रकातले नसून हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. कुटुंब नाशिक किंवा सांगलीसारख्या शहरातले. नवरा, बायको आणि सात व तीन वर्षांची दोन मुले. जाहिरातीतला दर माणशी २०,००० रुपये, मुलांना निम्मा. तेव्हा भाडे झाले ६०,०००. बंदर शुल्क, सेवकांची बक्षिशी आणि कर मिळून माणशी ४,५०० धरले तर चौघांचे १८,०००. घरापासून बंदरापर्यंत जाणे-येणे आणि आदल्या रात्रीचा मुंबईतील मुक्काम ९,०००. हा मुक्काम उधळपट्टी नव्हे. गाडी चुकली तर दुसरी मिळते, जहाज चुकले तर सबंध भाडे बुडते. गोव्याला उतरल्यावरची गाडी, खाणे व दर्शने ५,०००. जहाजावरील शीतपेये, छायाचित्रे, मुलांचे यांत्रिक खेळ, इंटरनेट यांसाठी दिवसाला २,५०० प्रमाणे ७,५००. पोहण्याचे कपडे, उलटीवरची औषधे, किरकोळ खरेदी ५,०००. ही बेरीज १,०४,५०० होते. तिच्यावर सुमारे दहा टक्के, म्हणजे १०,५०० रुपये, आकस्मिक खर्चासाठी ठेवले की एकूण अंदाज १,१५,००० रुपये.

येथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी की, ६०,००० रुपयांचे भाडे हे एकूण खर्चाच्या निम्म्याहून थोडेसेच अधिक आहे. वाचकांनी आपापले आकडे घालून हा हिशेब करावा. रकमा बदलतील, पण प्रमाणाचा धडा बहुधा बदलणार नाही. ज्या घरात भाड्याच्या दुप्पट रक्कम बाजूला काढता येत नाही, त्या घराने त्या वर्षी ही सहल पुढे ढकलावी, असा ढोबळ नियम करायला हरकत नाही.

मुलांची वये, मुलांचा खर्च

लहान मुलांबाबत आणखी काही गोष्टी अंदाजपत्रकात याव्या लागतात, कारण त्या माहीत नसल्या की पैसे भरूनही सुख मिळत नाही. मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेक सहा महिन्यांखालील बाळाला जहाजावर घेतच नाहीत, आणि लांब पल्ल्याच्या सफरींना ही अट एक वर्षाची असते. जहाजावरील मुलांची विनामूल्य खेळघरे साधारणतः तीन वर्षांपुढील, आणि लंगोट सुटलेल्या मुलांसाठी असतात. त्याहून लहान मुलांना सांभाळण्याची सोय असलीच तर तिला तासाप्रमाणे शुल्क पडते. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांवर तर तेथील आरोग्य नियमांप्रमाणे लंगोटातल्या मुलांना पोहण्याच्या तलावात उतरवत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळे पाण्याचे अंगण असेल तर तेवढेच. जाहिरातीतील घसरगुंडी पाहून जे आईबाप दोन वर्षांच्या मुलाला नेतात, त्यांनी ज्या वस्तूचे पैसे भरले ती त्यांना मिळतच नाही. तीन दिवस त्याच्यामागे जिन्यांतून धावण्याचे काम बहुधा आईकडे येते. म्हणजे जिच्या विश्रांतीसाठी खर्च केला तिलाच विश्रांती नाही. मूल चार-पाच वर्षांचे होईपर्यंत थांबणे हीच पुष्कळदा सर्वांत मोठी बचत ठरते. माणसाच्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयाअलीकडे सहसा जात नाहीत, हे मानसशास्त्राचे निरीक्षणही येथे विसरू नये. दोन वर्षांच्या मुलाला महागडे जहाज आणि जुहूची वाळू यांत फरक नसतो, आणि पुढे दोन्हींपैकी काहीच आठवत नाही.

सात-आठ वर्षांच्या मुलाचा प्रश्न वेगळा. त्याच्या गळ्यातही खोलीचे कार्ड असते, आणि खाऊ व यांत्रिक खेळांची दुकाने त्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवरच मांडलेली असतात. पुष्कळ जहाजांवर मुलांच्या कार्डावरील खरेदी बंद करण्याची किंवा तिला मर्यादा घालण्याची सोय असते. ती चढल्याबरोबर स्वागतकक्षात जाऊन करून घ्यावी. त्याऐवजी मुलाला घरीच सांगावे की, तुझ्या वाट्याला रोज इतके रुपये. काय घ्यायचे ते तू ठरव. मुले या कामी आपण समजतो त्याहून चोख असतात. हिशेबाचा पहिला धडा यापेक्षा आनंददायक रीतीने देता येणार नाही. खर्चाला नकार द्यायचा तो घरी, शांतपणे, निघण्यापूर्वी द्यावा. गर्दीत, रडणाऱ्या मुलासमोर, चार अनोळखी माणसांच्या देखत दिलेला नकार टिकत नाही, आणि दुकानदाराला ते ठाऊक असते.

आणखी दोन खाचा सांगितल्या पाहिजेत. किनारा दूर गेला की भ्रमणध्वनी आपोआप जहाजावरील उपग्रहाच्या जाळ्याशी जोडला जातो, आणि त्याचे दर नेहमीच्या योजनेत मोडत नाहीत. तेव्हा जहाज सुटताच फोन विमान-अवस्थेत टाकावा. दुसरी खाच आजारपणाची. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचे शुल्क खाजगी दवाखान्यासारखे आकारले जाते. परदेशी सफर असेल तर आपल्या नेहमीच्या आरोग्यविम्यावर विसंबू नये. समुद्रप्रवास आणि मुले यांचा स्पष्ट उल्लेख असलेला प्रवासविमा घ्यावा. लहान मुलाला समुद्र लागला आणि ताप आला, तर आकस्मिक खर्चाचे बाजूला काढलेले ते दहा टक्के किती मोलाचे, हे कळते.

पैसे आधी की नंतर?

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : हे लाख-सव्वालाख आणायचे कोठून? आजचा बाजार सांगतो, आधी फिरून या, पैसे नंतर हप्त्यांनी द्या. आपल्या भाषेने ऋण काढून सण करण्याला नाव ठेवले ते उगाच नव्हे. पण येथे केवळ म्हणीवर विसंबण्याचेही कारण नाही. ड्रॅझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी १९९८ साली याच विषयावर एक महत्त्वाचा निबंध लिहिला. धुलाई यंत्राचे पैसे वापरता वापरता दिले तरी चालतात. सहलीचे पैसे मात्र आधीच दिलेले बरे, असा लोकांचा कल त्यांना आढळला. कारण उघड आहे. यंत्र दर महिन्याला आपली सेवा देत राहते, म्हणून त्याचा हप्ता सुसह्य होतो. सहल संपलेली असते, आणि मागे उरतो तो निव्वळ हप्ता. उलट पैसे आधी भरलेले असले की सहल जणू फुकट मिळाल्यासारखी वाटते.

आकडेही हेच सांगतात. वरील १,१५,००० रुपये वार्षिक १५ टक्के व्याजाने काढले आणि अठरा महिन्यांत फेडले, तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१७५ रुपये आणि एकूण व्याज सुमारे १४,००० रुपये पडते. तेच निघण्यापूर्वी अठरा महिने दरमहा ६,४०० रुपये आवर्ती ठेवीत टाकले, तर मुद्दल पूर्ण होते आणि साडेसहा टक्के दराने सुमारे सहा हजार व्याज वर मिळते. दोहोंतील अंतर सुमारे वीस हजार रुपये, म्हणजे आपल्या नमुन्यातील एका प्रौढाचे पूर्ण भाडे! कर्ज काढून जाणारे चौघांचे कुटुंब एका अदृश्य पाचव्या प्रवाशाला बरोबर घेऊन जाते. ‘विनाव्याज हप्ता’ हा शब्द ऐकून तर अधिकच सावध व्हावे. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, या अर्थाचे परिपत्रक रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच काढले होते. व्याज किमतीत मिसळले किंवा रोखीची सवलत काढून घेतली, की ते दिसेनासे होते, एवढेच.

परदेशी सफरींच्या बाबतीत आगाऊ कराचाही विचार करावा लागतो. १ ऑक्टोबर २०२० पासून परदेश सहलीच्या पॅकेजवर विक्रेता ग्राहकाकडून आयकर गोळा करतो. त्याचे दर नंतर बदलत गेले आहेत, म्हणून नोंदणीच्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. हा खर्च नव्हे, कारण विवरणपत्रात त्याचे श्रेय मिळते. पण ती रक्कम काही महिने अडकून पडते, आणि पगारदाराच्या घरी अडकलेला पैसा नसलेल्या पैशासारखाच असतो. प्रवास सवलतीवर भिस्त ठेवणाऱ्यांनीही सावध राहावे. ही करसवलत देशांतर्गत प्रवासाच्या भाड्यापुरती, चार वर्षांच्या गटात दोनदा मिळते, आणि नव्या करप्रणालीत ती मिळतच नाही. मुंबईहून निघून मुंबईलाच परतणाऱ्या जहाजाच्या एकत्रित दरापैकी किती रक्कम मान्य होईल, हे लेखा विभागाकडून लेखी कळेपर्यंत अंदाजपत्रकाच्या जमेच्या बाजूला एक रुपयाही धरू नये.

हंगामाचेही असेच आहे. दिवाळी, नाताळ आणि मे महिना या काळात शिक्षक व विद्यार्थी यांना सुट्टी असते. म्हणूनच या काळात दर चढे असतात. ज्याला दुसरी तारीख निवडता येत नाही त्याच्याकडून जास्त किंमत घ्यायची, हा बाजाराचा साधा नियम आहे. ज्यांची मुले अजून शाळेत जात नाहीत, अशा कारकुनी पेशातील कुटुंबांना बिगरसुट्टीचा आठवडा गाठता येईल. शिक्षकांना ते सुख नाही. त्यांनी निदान अठरा महिने आधी ठरवावे.

शासनाचे कर्तव्य

येथपर्यंत सर्व शहाणपण ग्राहकाला शिकवले. परंतु शहाणपणाचा सगळा भार एकट्या ग्राहकावर टाकणे न्याय्य नाही. प्रथम लहान आकडा दाखवायचा आणि पैसे भरण्याच्या शेवटच्या पायरीपर्यंत एकेक शुल्क टपकवत न्यायचे, या पद्धतीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या व्यापारी क्लृप्त्यांच्या यादीत घातले आहे. त्या यादीत अशा तेरा क्लृप्त्या आहेत. कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०२४ पासून सक्तीची शुल्के जाहिरातीच्या किमतीतच दाखवण्याचा कायदा लागू झाला, आणि त्यानंतर मोठ्या क्रूझ कंपन्यांनी आपली दर दाखवण्याची पद्धत बदलली. जी गोष्ट तेथे शक्य झाली ती येथे अशक्य असण्याचे कारण नाही.

आपल्याकडे तर या मागणीला अधिक बळ आहे. हा उद्योग सरकारच्या आश्रयाने वाढतो आहे. त्याच्यासाठी धक्के आणि टर्मिनल उभारली जात आहेत. सार्वजनिक साधनांचा असा आधार घेणाऱ्या धंद्याने एवढे तरी करावे की, दोन प्रौढ आणि दोन मुले यांच्या कुटुंबाला सर्व सक्तीच्या शुल्कांसह पडणारी एकूण रक्कम मोठ्या अक्षरांत छापावी, आणि मुलांना लागू असलेल्या वयाच्या अटी त्याच पानावर द्याव्यात. प्रवासी दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवणाऱ्या मिशनने ही एक अट घातली, तर त्याला खर्च काही येणार नाही आणि हजारो कुटुंबांचा मनस्ताप वाचेल.

तोवर आपले अंदाजपत्रक आपणच आखले पाहिजे. जाहिरातीतला आकडा बाजूला ठेवून शेवटच्या सकाळी हाती येणाऱ्या बिलापासून मागे मोजत यावे. पूर्ण रक्कम जमली की निघावे. न जमल्यास वर्षभर थांबावे. थांबल्याने मुलांचे काही बिघडत नाही. उलट एक वर्षाने मोठे झालेले मूल समुद्र अधिक डोळसपणे पाहते. अठरा महिने घरातल्या भिंतीवर एक कागद लावून दर महिन्याला त्यावर जमलेली रक्कम मुलाच्या हाताने लिहून घेतली, तर त्याची सहल त्या पहिल्या नोंदीपासूनच सुरू होते. आपल्या मुलांना समुद्र दाखवण्याची ऐपत आपल्यापैकी पुष्कळांना आज आली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. परतल्यावर पहिल्या तारखेच्या पगारावर त्या समुद्राचे पाणी चढलेले नसावे, एवढीच काळजी घ्यायची आहे.